वाळवंटातल्या पोरांची सर्फिंग ट्रिप, मिडलटन बीच, साउथ ऑस्ट्रेलिया: पाचपैकी चार स्टार

अ‍ॅडलेडच्या दोन मैत्रिणींनी आणि इकडे अ‍ॅलिसला नवीन आलेल्या एका मराठी सरांनी वेगवेगळं विचारलं, की ती वाळवंटातल्या पोरांची सर्फिंग ट्रिप असते तिला व्हॉलंटियर म्हणून जावं का, मंडळातर्फे पैसे दिले तर नीट वापरले जातात का, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. मी अ‍ॅलिस स्प्रिंग्सला नर्स आहे आणि जुलै २०२४ मध्ये या ट्रिपबरोबर दहा दिवस होते. ट्रिप ठेवणाऱ्या संस्थेचं आणि पोरांच्या गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण गाव एवढंसं आहे की नाव घेतलं की कुठली पोरगी हे तिकडच्या कुणालाही लगेच कळेल, आणि खाली मी तब्येतीच्या गोष्टीपण लिहिल्यात. पश्चिमेकडच्या वाळवंटातलं, लुरिचा ही आदिवासी भाषा बोलणारं गाव, एवढं पुरे.

थोडक्यात ट्रिप अशी असते. अकरा पोरं, वय बारा ते सोळा, सहा पोरी पाच पोरगे. गावातल्या दोन आज्या, एक काका जो गाडीपण चालवतो, शाळेतले एक सर, संस्थेची दोन माणसं आणि मी. एक मिनीबस आणि मागे सामानाची ट्रूपी, म्हणजे मोठी जीप. दोन दिवस खाली जायला, एक दिवस अ‍ॅडलेड, पाच दिवस समुद्रावर, दोन दिवस परत. पोरांकडून एक डॉलर घेत नाहीत. समुद्रावर यजमान असतात नारिंजेरी लोक, म्हणजे मरी नदीचं मुख, कुरोंग नावाचं लांबलचक खारं तळं आणि तो सगळा किनारा ज्यांचा आहे ते आदिवासी. सकाळी सर्फिंग, दुपारनंतर त्यांच्या आज्ज्यांबरोबर, काकांबरोबर वेळ. नाव सर्फिंगचं असलं तरी मला विचाराल तर सर्फिंग म्हणजे फक्त पोरांनी गाडीत बसायला हो म्हणावं यासाठी आहे, खरी गोष्ट दुपारनंतरची.

आता तयारीचं सांगते कारण तिथे मी जास्त होते आणि जे कुणी अशी ट्रिप काढायचा विचार करतात त्यांना हे कुठल्या ब्रोशरमध्ये मिळणार नाही. पहिली गोष्ट कान. इकडच्या दूरच्या गावांमधल्या लेकरांचे कान लहानपणापासून वाहत असतात, डब्ल्यूएचओ म्हणतं की एखाद्या समाजात चार टक्क्यांहून जास्त लेकरांना असा जुना वाहता कान असला तर ते मोठं संकट समजावं, आणि इथे काही गावांमध्ये आकडा त्याच्या किती तरी पट वर असतो. पडदा फाटलेला असला की कानात पाणी जाता कामा नये, आणि आपण तर त्यांना समुद्रात नेतोय! मी निघायच्या तीन आठवडे आधी गावात जाऊन अकराच्या अकरा जणांचे कान तपासले, तिघांच्या पडद्याला भोक होतं आणि त्यातल्या एकाचा कान चालू वाहत होता. त्याला पहिले दोन दिवस गुडघ्याच्या वर पाणी नाही असं ठरवलं, बाकी दोघांना मऊ सिलिकॉनचे गोळे आणि वरून निओप्रीनची पट्टी. संस्थेने त्या पट्ट्या स्वतःहून आणून ठेवल्या होत्या, मी सांगायच्या आधी. इथेच मला वाटलं की ही माणसं आधी चुकून शिकलेली आहेत आणि शिकलेलं विसरलेली नाहीत.

दुसरी गोष्ट इंजेक्शन. रुमॅटिक हार्ट आपल्याकडे जुन्या लोकांनी ऐकलेला आजार, घसा नाहीतर कातडीवरच्या फोडांमधून जंतू जातो, सांधे धरतात आणि पुढे हृदयाची झडप खराब होते. ऑस्ट्रेलियातल्या शहरी लोकांमधून तो जवळजवळ गेलाय, वाळवंटातल्या पोरांमधून नाही. एकदा झाला की दर २८ दिवसांनी पेनिसिलिनचं जाड सुईचं इंजेक्शन, वर्षानुवर्षं, आणि चुकवायचं नाही. ट्रिपमधल्या दोघींना ते चालू होतं आणि एकीची तारीख बरोबर सर्फिंगच्या तिसऱ्या दिवशी येत होती. ते इंजेक्शन दिल्यावर मांडी दोन दिवस दगडासारखी होते, बोर्डवर उठणं सोडा, बसमध्ये बसवत नाही. मग तिला विचारून, तिच्या आजीला विचारून, डॉक्टरशी बोलून निघायच्या आधीच देऊन टाकलं. हे वेळापत्रक बघायची पद्धत संस्थेकडे नव्हती, म्हणजे फॉर्मवर औषधं लिहा एवढंच होतं. आता त्यांनी फॉर्म बदललाय, तारीख विचारतात.

कागदपत्रांचं म्हणाल तर नॉर्दर्न टेरिटरीत लहान मुलांबरोबर काम करायला ओकर कार्ड लागतं, साउथ ऑस्ट्रेलियाचा वेगळा चेक, आणि गावाच्या जमिनीवर जायला सेंट्रल लँड कौन्सिलचं परमिट. दोन महिने आधी सुरू करा.

रस्ता. अ‍ॅलिस ते अ‍ॅडलेड दीड हजार किलोमीटर, स्टुअर्ट हायवे, सरळ दक्षिणेला. पहिला मुक्काम कूबर पीडी, जिथे १९१५ पासून ओपल खणतायत आणि माणसं जमिनीखाली घरं करून राहतात, पोरांना ते अजिबात विशेष वाटलं नाही, त्यांना तिथला पिझ्झा आवडला. दुसऱ्या दिवशी ग्लेनडँबोच्या पुढे लेक हार्ट लागतो, मिठाचं पांढरं तळं, क्षितिजापर्यंत, आणि मागच्या सीटवरून एकदम आरडाओरडा, समुद्र समुद्र! काकांनी गाडी थांबवली. सगळे खाली उतरले, काठावर उभे राहिले आणि मग आजी म्हणाली, कापी विया, म्हणजे पाणी नाही. मला तेव्हा माझी आठवण झाली. मी वरोऱ्याची, चंद्रपूर जिल्हा, समुद्र पहिल्यांदा बघितला तो विसाव्या वर्षी, नागपूरला नर्सिंगला असताना आमची सहल गणपतीपुळ्याला गेली होती, आणि आदल्या रात्री बसमध्ये कुणी झोपलं नव्हतं. म्हणून या पोट्ट्यांच्या पोटात काय चाललंय हे मला कुणी सांगायला लागलं नाही.

अ‍ॅडलेडला एक दिवस पूलमध्ये. याला फाटा देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. काही गावांमध्ये सरकारी पूल असतो आणि तिथली पोरं माशासारखी पोहतात, यांच्या गावात नाही, अकरातली चारच नीट पोहू शकत होती. बोर्डावरून पडलं की डोकं कसं झाकायचं, बोर्डाची पायातली दोरी कशी ओढून बोर्ड जवळ घ्यायचा, हे सगळं कंबरेएवढ्या कोमट पाण्यात आधी करून घेतलं. (आणि हो, पूलचं म्हणाल तर वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या जिगलाँग आणि बुरिंगुरा या गावांमध्ये पूल बांधल्यावर पोरांच्या कातडीचे आजार कमी झाले हे अभ्यासात दिसलेलं आहे, २००३ साली छापून आलं. दूरच्या गावात पूल म्हणजे चैन नाही, दवाखान्याइतकी गरजेची गोष्ट आहे, हे मी जिथे संधी मिळेल तिथे बोलते.)

मिडलटन अ‍ॅडलेडपासून दीड तासावर, पोर्ट इलियट आणि गुलवाच्या मधे. नवशिक्यांसाठी हा किनारा का निवडतात ते तिथे उभं राहिलं की कळतं, तळ खूप लांबपर्यंत उथळ आहे, लाट आत फुटते आणि मग पांढरा फेस होऊन संथपणे किनाऱ्यापर्यंत येत राहते, धावत येऊन आपटत नाही. पण बसमधून उतरल्यावर लगेच पाण्यात कुणाला जाऊ दिलं नाही. आधी यजमान आले. नारिंजेरी आँटी, त्यांचे दोन भाऊ, त्यांच्या घरची सात-आठ पोरं. ओल्या पानांचा धूर केला, प्रत्येकाला त्या धुरातून नेलं, आणि आँटींनी सांगितलं की हे आमचं रुवे, म्हणजे आमची भूमी, तुम्ही आमचे पाहुणे, तुम्हाला इथे काही होणार नाही. मग आमच्या आजीने त्यांच्या हातात एक गोष्ट दिली. गावातून बर्फाच्या पेटीत घालून आणलेल्या कांगारूच्या शेपट्या, सहा. रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जायचं नाही हे त्या आजीला कुणी शिकवलेलं नव्हतं, तिचं तिलाच माहीत होतं. त्या रात्री वाळूत खड्डा करून त्या शेपट्या निखाऱ्यात भाजल्या आणि यजमानांनी कुरोंगचे मासे आणि डँपर, म्हणजे राखेतली जाड भाकरीच. मी शाकाहारी नाही म्हणून बरं.

पहिल्या दिवशी सकाळी पोरगे गेले पाण्यात आणि मोठ्या चार पोरी बसमधून उतरल्याच नाहीत. इकडे एक शब्द आहे, शेम. इंग्लिशमधला आहे पण अर्थ वेगळा, चारचौघांत उठून दिसण्याची, सगळ्यांच्या नजरा आपल्यावर येण्याची जी लाज, ती. त्यात ते वेटसूट, म्हणजे थंड पाण्यात घालायचे रबरी कपडे, अंगाला घट्ट बसणारे, समोर पोरगे, काठावर अनोळखी माणसं. संस्थेच्या मॅनेजरने दोनदा येऊन उत्साहाने बोलावलं, त्याने आणखीनच बिघडलं. मग एक नारिंजेरी मुलगी होती, एकोणीस-वीसची असेल, सर्फिंग शिकवायचं शिकत होती, ती येऊन बसच्या पायरीवर बसली, पाठ पोरींकडे, तोंड समुद्राकडे, आणि वीस-पंचवीस मिनिटं एक शब्द बोलली नाही. तेवढ्यात आमची थोरली आजी, साठीच्या पुढची, चपला काढून, तो लांब फुलाफुलांचा स्कर्ट तसाच अंगावर, सरळ पाण्यात चालत गेली. जुलै म्हणजे इकडे भर थंडी, पाणी १४ डिग्रीच्या आसपास. गुडघे, मांड्या, कंबर, स्कर्ट सगळा फुगून वर आलेला, आणि ती उभी राहिली, लाट आली की हात वर करून ओरडायची आणि हसायची. गणपतीपुळ्याला नऊवारी वर खोचून एकमेकींचा हात धरून लाटेत उभ्या राहिलेल्या आज्या आठवल्या मला. पायरीवरची मुलगी उठली, मागे वळून फक्त म्हणाली, तुमची आजी गेली बघा. आणि पोरी उतरल्या. वेटसूटवरून टी-शर्ट आणि शॉर्ट घालून, त्यांच्या पद्धतीने. दुसऱ्या दिवसापासून पोरींची वेळ वेगळी केली आणि किनाऱ्याचा टोकाचा भाग त्यांना दिला. हे पहिल्या दिवसापासूनच करायला हवं होतं.

शिकवणाऱ्यांबद्दल माझं मत फार चांगलं आहे. चार पोरांमागे एक जण होता. नऊ फुटी मऊ फोमचे बोर्ड, ज्याने डोक्याला लागलं तरी फार इजा होत नाही. भाषणबाजी जवळजवळ नाही, एकदा करून दाखवायचं आणि सोडून द्यायचं, प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत पोराकडे टक लावून बघायचं नाही, कारण इकडच्या पोरांना ते शिक्षेसारखं वाटतं. एक गोष्ट मला कायम लक्षात राहील. एक इन्स्ट्रक्टर रिप म्हणजे आत ओढणारा प्रवाह कसा ओळखायचा ते सांगत होता, जिथे लाट फुटत नाही आणि पाणी गडद दिसतं तिथे जाऊ नका वगैरे, आणि पोरं पाण्याकडे बघतच नव्हती, वाळूकडे बघत होती. त्याला वाटलं लक्ष नाहीये. तो शांत झाला आणि विचारलं, काय दिसतंय? मग एक बारा वर्षांचं पोरगं हळूच म्हणालं की इथून सकाळी एक कुत्रा गेलाय, लंगडा, मागचा उजवा पाय, आणि पेलिकन इथे उतरला आणि त्याने काहीतरी ओढत नेलं. आणि खरंच तासाभराने एक बाई तो लंगडा कुत्रा घेऊन परत आली. त्यानंतर रोज सकाळी आधी पंधरा मिनिटं पोरं इन्स्ट्रक्टरला वाळू वाचायला शिकवायची आणि मग तो त्यांना पाणी वाचायला शिकवायचा. कार्यक्रमपत्रिकेत कल्चरल एक्स्चेंज असं जे लिहिलं होतं ते मला इथे पहिल्यांदा दिसलं.

आणि त्याच माणसाने एका दुपारी पोरांना सांगितलं की सर्फिंग हा काही गोऱ्यांचा खेळ नाही, हवाईच्या मूळ लोकांचा आहे, तिथे मिशनरी आल्यावर तो जवळजवळ मरायला टेकला होता, आणि ऑस्ट्रेलियात तो गाजला तो ड्यूक काहानामोकू या हवाईच्या माणसामुळे, १९१४ च्या डिसेंबरात सिडनीच्या फ्रेशवॉटर बीचवर, तिथे मिळालेल्या लाकडातून स्वतः बोर्ड तासून. पोरांनी फोनवर त्याचा फोटो शोधला. आपल्यासारखाच आहे म्हणाली.

तिसऱ्या दिवशी अकरातली आठ जणं बोर्डवर उभी राहिली होती. आकडा महत्त्वाचा नाही पण ज्याचा कान वाहत होता तो सुकला आणि तोही गेला पाण्यात, आणि तो पहिल्याच प्रयत्नात उठला, कारण दोन दिवस काठावर बसून त्याने सगळ्यांच्या चुका पाहिल्या होत्या.

दुपारचं सांगते. नारिंजेरी लोकांमध्ये नार्ची असते, प्रत्येक घराण्याचा प्राणी नाहीतर पक्षी नाहीतर मासा, मराठीत सांगायचं तर देवक, म्हणजे लग्नात आपण ज्याचं देवक बसवतो, कुणाचं कळंब, कुणाचं मोरपीस, आणि ते झाड तोडायचं नाही, तसंच, पण इथे ते नातं रोजचं आहे, आपल्यासारखं लग्नापुरतं उरलेलं नाही. नोरी म्हणजे पेलिकन, ती काही जणांची नार्ची. कोंडोली म्हणजे व्हेल. कोंडोलीची गोष्ट अंकलनी किनाऱ्यावर बसूनच सांगितली, की पूर्वी आग फक्त त्याच्याकडे होती, नाचताना अंगातून ठिणग्या उडायच्या, मग एका चिमणीएवढ्या पक्ष्याने भाला मारून ती पळवली आणि ती जखम म्हणजे व्हेल जिथून पाणी उडवतो ते भोक. आणि जून ते सप्टेंबर सदर्न राइट व्हेल पिल्लं घेऊन याच किनाऱ्याजवळ येतात, चौथ्या दिवशी दिसलापण एक, लांबवर, काळी पाठ आणि फवारा. आमच्या पोरांनी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. एकदम चूप झाली. यजमानांच्या ज्या पोरांची ती नार्ची त्यांच्याकडे बघायला लागली, जणू त्यांच्या घरचं कुणी आलंय.

एक दिवस कुरोंगच्या काठी विणकाम. नारिंजेरी बायका लव्हाळ्यासारखं गवत आणतात, ओलं करून जुडी करून तिला गोल गोल टाका घालत जातात, टोपल्या, चटया, माशाच्या जाळ्या. आमच्या आज्यांनी पाच मिनिटं पाहिलं आणि आपल्या पिशवीतून अर्धवट टोपली काढली. चांपी, म्हणजे वाळवंटातलं गवत. तिकडच्या बायका १९९५ पासून चांपी डेझर्ट वीव्हर्स म्हणून गवताचं काम विकतायत, त्या आधी केसांच्या नि लोकरीच्या दोऱ्या वळायच्या. आता दोन्हीकडच्या आज्यांना एकमेकींची भाषा येत नाही, इंग्लिश दोन्हीकडे जेमतेम लागेल तेवढं, पण तीन तास त्या हलल्या नाहीत, आणि पोरी मधे बसून एकीचा टाका दुसरीला दाखवत होत्या. मी तिथे पोरींना एक गोष्ट सांगितली जी मला आवडते, की १९९७ ला व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे कलेच्या मोठ्या जागतिक प्रदर्शनात, ऑस्ट्रेलियातर्फे तीन आदिवासी बायकांचं काम गेलं, त्यात एक होती नारिंजेरी विणकर इव्हॉन कूलमाट्री आणि दुसरी एमिली कामे नग्वारे, अ‍ॅलिसच्या ईशान्येकडच्या युटोपियाची. खारं पाणी आणि वाळवंट तेव्हाच एका खोलीत बसलं होतं. आमच्या आजीने मान हलवली, पल्या म्हणाली, म्हणजे छान, आणि टाका घालत राहिली.

राउकानलाही नेलं, लेक अलेक्झांड्रिनाच्या काठी. तिथलं छोटं चर्च ५० डॉलरच्या नोटेवर आहे, डेव्हिड युनाइपनच्या चेहऱ्याबरोबर, ते तिथे १८७२ साली जन्मले, लेखक आणि संशोधक, मेंढ्यांची लोकर कापायच्या यंत्रातल्या सुधारणेवर तात्पुरतं पेटंट घेतलं होतं त्यांनी. काकांनी खिशातून नोट काढून चर्चसमोर धरली, पोरांनी रांग लावून फोटो काढले. पण त्या दिवशी प्रवास फार झाला, पोरं पेंगुळली होती, राउकान वेगळ्या दिवशी हवं.

मधल्या एका रात्री गावाकडून फोन आला, एका पोराचा मोठा चुलता गेला. इकडे याला सॉरी बिझनेस म्हणतात, आपलं सुतक समजा पण त्याहून कडक, सगळ्या नातलगांनी तिथे असायलाच हवं, गेलेल्या माणसाचं नावसुद्धा घ्यायचं नाही. संस्थेने कुठलीही चर्चा न करता त्या पोराला आणि काकांना सकाळच्या फ्लाइटने अ‍ॅलिसला पाठवलं, तिथून गावापर्यंत गाडीची सोय केली, आणि यजमानांनी त्या दिवशी सर्फिंग बंद ठेवलं. पाच दिवसातला एक दिवस गेला, पण मला कुणी विचारलं की या लोकांवर विश्वास ठेवू का, तर मी हाच दिवस सांगेन.

आता एक स्टार का कापला ते.

वेटसूट. भाड्याने घेतलेले, तीन-दोन मिलीमीटर जाडीचे, जुलैच्या पाण्याला पातळ, आणि लहान मापाचे कमी. बारीक अंगाची पोरं पंचवीस मिनिटांत निळी पडायला लागली. मी पहिल्या दिवशी दोघांना बाहेर काढून ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून चार-तीनचे सूट आणले आणि पाऊण तासाच्या वर पाणी नाही असा नियम केला. थंडीत जायचं तर हे आधी ठरवा.

कॅमेरा. देणगीदारांना दाखवायला व्हिडिओ हवा असतो हे मला कळतं, पैसा कुठून तरी येतो. पण चौथ्या दिवशी एका पोरीला बोर्डाला टेकवून उभं केलं आणि विचारलं की या ट्रिपने तुझं आयुष्य कसं बदललं. तिने मान खाली घातली. आजी आली आणि एकच शब्द बोलली, विया. कॅमेरा बंद झाला, पण मुळात तो प्रश्न त्या लेकराला विचारलाच का? तिचं आयुष्य काही मोडकं नव्हतं. तिला घर आहे, चार भाषा येतात, आज्या आहेत, काय खावं काय खाऊ नये ते जमिनीवरून कळतं. ती पाहुणी म्हणून आली होती, उपकार घ्यायला नाही. हे मी तिथल्या मीटिंगमध्येपण बोलले आणि परतल्यावर लेखीपण दिलं.

आणि सगळ्यात मोठी तक्रार, एक्स्चेंज म्हणता तर दुसरी बाजू कुठे आहे? आमची पोरं खाली गेली, त्यांनी पाहुणचार घेतला, आणि यजमानांची पोरं वर वाळवंटात यायची ती कागदावरच होती, फंड आला की बघू. आमच्या आज्यांना हे खुपत होतं. परतीच्या वाटेवर थोरली आजी दोनदा म्हणाली की आता त्यांनी यायला पाहिजे. एकतर्फी जेवण म्हणजे ऋण, आणि ते ऋण या लोकांना फार जड जातं.

पुढचं २०२५ मध्ये झालं. मार्चमध्ये मिडलटनच्या पलीकडच्या वेटपिंगा आणि पार्सन्स बीचवर सर्फिंग करणाऱ्यांचे डोळे चुरचुरायला लागले, खोकला येऊ लागला, किनाऱ्यावर पिवळट फेस आणि मेलेले मासे. कॅरेनिया जातीचं सूक्ष्म शैवाल, समुद्र कित्येक महिने नेहमीपेक्षा अडीच डिग्रीपर्यंत गरम होता त्यात वाढलेलं. मग ते पसरतच गेलं, कुरोंगमध्ये, पुढे अ‍ॅडलेडच्या किनाऱ्यापर्यंत. जुलैची ट्रिप रद्द झाली. ज्यांची नार्चीच मासा आहे त्या घरांना काय वाटलं असेल ते मी इथे बसून लिहू शकत नाही, आँटींशी फोनवर बोलले तेव्हा त्या फक्त म्हणाल्या की रोज सकाळी जाऊन मेलेल्यांना बघून येतो.

संस्थेने तेव्हा योग्य गोष्ट केली, सर्फिंगचे जे पैसे वाचले ते घेऊन गावाला विचारलं काय करू, आणि आज्यांनी सांगितलं, त्यांना इकडे आणा. सप्टेंबरमध्ये सहा नारिंजेरी पोरं आणि आँटी वर आल्या, पाच दिवस. आज्यांनी मुल्गा नावाच्या झाडाखाली खणून मधमुंग्या काढून दाखवल्या, पोटात मधाचा थेंब घेऊन बसलेल्या. मी त्या वेळी ड्युटीवर होते, एकच संध्याकाळ जाता आलं. पण म्हणून मी तीनचे चार स्टार केले, नाहीतर तीनच होते.

तर ज्यांनी विचारलं त्यांना: जायचं असेल तर जा, पण पूर्ण दहा दिवस जा, दोन दिवस येऊन फोटो काढून निघायचं असेल तर नको. मंडळाला पैसे द्यायचे असतील तर सांगून द्या की हे यजमानांच्या पोरांच्या वर येण्याच्या गाडीभाड्यासाठी आहेत, बोर्डांसाठी पुष्कळ जण देतात. वेटसूट चार-तीनचेच. सिस्टर म्हणून कुणी जाणार असेल तर मला मेसेज करा, कानांची आणि इंजेक्शनच्या तारखांची माझी यादी पाठवते, वाहते कान पुसायला टिश्यूच्या वळकट्या भरपूर घ्या.

ट्रिपमधल्या त्या दोघींपैकी एक पोरगी अजून दर २८ दिवसांनी येते इंजेक्शनला. बाहेर बाकावर बसते, हाक मारली की आत येते, पालथी झोपते, आणि मी सुई भरेपर्यंत दर वेळी तेच विचारते, सिस्टर, कापी पिका? पिका म्हणजे दुखणं. समुद्राचं अजून दुखतंय का. मी फोन काढून त्या किनाऱ्याची ताजी बातमी काढते आणि तिला वाचून दाखवते, मग ती म्हणते दे आता.